दहाच्या दहा दिवस औषध द्यायला लावणारा मुलांचा दवाखाना, लेकीच्या स्कार्लेट फीवरचा पूर्ण अनुभव

आधीच सांगते, रिव्ह्यू मोठा होणाराय. चार ओळी लिहून स्टार देऊन मोकळं होता आलं असतं पण जानेवारीत आमच्या लेकीला जे झालं त्याचं नावच घरात कुणी आधी ऐकलं नव्हतं, आणि सोलापुरात अजून कितीतरी घरात हेच होऊन लोक ॲलर्जी ॲलर्जी करत बसले असतील असं मला राहून राहून वाटतंय, म्हणून सगळं लिहिते.

लेक साडेसहा वर्षांची, पहिलीत. संक्रांतीनंतरच्या शनिवारी आम्ही सगळे गड्ड्यावर, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेत गेलो होतो, होम मैदानावर किती गर्दी असते ते सोलापूरकरांना सांगायला नको. पाळण्यात बसली, गुलाबी बुढ्ढी के बाल खाल्लं, खूश होऊन घरी आली. मंगळवारी रात्री एकदम ताप, १०२ च्या वर, दोन उलट्या, पोट दुखतंय म्हणून रडायला लागली आणि घसा इतका दुखत होता की थुंकी गिळताना पण तोंड वाकडं करायची. सर्दी नाही, खोकला नाही. हे सर्दी खोकला नसणं महत्त्वाचं होतं हे मला नंतर कळलं.

बुधवारी घराजवळच्या एका डॉक्टरांकडे नेलं, कोण ते लिहीत नाही. व्हायरल आहे म्हणाले, तापाचं औषध दिलं. रात्री मानेवर आणि छातीवर बारीक बारीक पुरळ. गुरुवारी परत तिथंच, तर म्हणे गड्ड्यावरचं रंगीत खाल्लंय ना, ॲलर्जी आहे. घसा बघितलाच नाही. ॲलर्जीचं सिरप आणि लावायचं लोशन घेऊन आलो. घरी सासूबाई म्हणाल्या, "गोवर हाय गं ह्यो, अंगावर पाणी घालू नको," आणि उशाशी लिंबाचा पाला ठेवला. त्यांचंही चुकलं असं मी म्हणणार नाही, त्यांच्या काळात अंगावर आलं की गोवर नाहीतर कांजिण्या, तिसरं काय असतं हे सांगायला कोण होतं. शेजारच्या ताई म्हणाल्या मेडिकलमधून तीन दिवसांच्या गोळ्या येतात त्या दे, आमच्या पोराला लगेच उतार पडला होता. हे मेडिकलला जायला निघाले पण होते, मीच थांबवलं, कारण पोरगीचं तोंड बघून मला काहीतरी वेगळंच वाटत होतं. गाल लाल आणि ओठांभोवती मात्र पांढरट गोल, जणू तेवढीच जागा कुणी पुसून काढली.

शुक्रवारी सकाळी ह्या दवाखान्यात आलो. नंबर सतरावा. पावणेदोन तास बसलो, त्याबद्दल खाली लिहिते.

डॉक्टर आपल्या भाषेत बोलतात, "काय व्हायलंय बाळा तुला?" असं आधी तिलाच विचारलं, मला नाही. तिनं घशाकडे बोट दाखवलं. मग तिची जीभ बाहेर काढायला लावली. जिभेवर पांढरा थर आणि त्यातून लाल लाल दाणे वर आलेले, मी ते दोन दिवस बघत होते पण तापानं जीभ पांढरी होते असं समजून सोडून दिलं होतं. डॉक्टर म्हणाले हा पांढरा थर दोन दिवसांत निघेल आणि खाली जीभ लालभडक दिसेल स्ट्रॉबेरीसारखी, घाबरू नका. आणि खरंच रविवारी तशी झाली, अगदी महाबळेश्वरवरून आणलेल्या स्ट्रॉबेरीसारखी, दाण्यांसकट.

नंतर जे केलं त्यासाठी मी हा दवाखाना लोकांना सांगते. त्यांनी पुरळ नुसतं बघितलं नाही, हात फिरवला. माझा हात धरून पोरीच्या पोटावर फिरवायला लावला. पॉलिश पेपरवर हात फिरवल्यासारखं खरखरीत! मी चार दिवस तिला कुशीत घेऊन झोपत होते, अंग गरम लागलं, खरखर लक्षात आली नाही. डॉक्टर म्हणाले आपल्याकडच्या सावळ्या रंगावर लाली पटकन दिसत नाही, पुस्तकातले फोटो गोऱ्या पोरांचे असतात, म्हणून डोळ्यांवर विश्वास ठेवून चालत नाही, हाताला लागतं ते खरं. मग अंगठ्यानं दाबून दाखवलं, दाबलं की लाली जाते आणि सोडलं की परत येते. कोपराच्या आतल्या घडीत आणि काखेत मात्र लालसर रेघा होत्या, त्या दाबूनही जात नव्हत्या. मानेत दोन्ही बाजूला गाठी सुजलेल्या. घशात टॉर्च मारला तर टॉन्सिल लाल आणि त्यावर पांढरे ठिपके.

स्कार्लेट फीवर. पुस्तकी मराठीत ह्याला लोहितांग ज्वर म्हणतात म्हणे.

मी विचारलं गोवर तर नाही ना. लसीचं कार्ड मागितलं, गोवर रुबेलाचे दोन्ही डोस झालेले बघितले आणि मग समजावलं की गोवरात आधी नाक वाहतं, खोकला असतो, डोळे लाल होतात, आणि पुरळ चेहऱ्यापासून, कानामागून सुरू होऊन खाली उतरतं. हिच्यात ह्यातलं एकही नाही, हिचं मानेवर छातीवर सुरू झालं आणि घसा पहिल्यापासून धरलेला. सासूबाई सोबत होत्या, त्यांच्याकडे बघून सांगितलं, आजी तुम्ही गोवर ओळखला ते बरोबरच होतं, फक्त हा त्याचा लांबचा पाहुणा आहे. सासूबाईंना हे इतकं आवडलं की परत येताना रिक्षात त्याच मला सगळं समजावून सांगत होत्या.

आता आजाराबद्दल मला जे कळलं ते सांगते, मी डॉक्टर नाही, आई म्हणून सांगते. स्ट्रेप्टोकॉकस नावाचा जंतू असतो, त्यातला ए गटाचा. साधा घसा दुखतो तोही कधीकधी ह्याच जंतूनं. पण ह्या जंतूचे काही प्रकार एक विष सोडतात, त्या विषानं अंगावर हे पुरळ येतं. म्हणजे घशाचा आजार आहे, कातडीचा नाही, आणि आम्ही कातडीला लोशन लावत बसलो होतो. खोकल्याशिंकेतून, उष्ट्या ग्लासातून पसरतो, जंतू अंगात शिरल्यापासून साधारण दोन ते पाच दिवसांत ताप येतो. गड्ड्यावरूनच आला का शाळेतून ते कुणीच सांगू शकत नाही, डॉक्टरांनी पण ठामपणे सांगितलं नाही आणि बुढ्ढी के बालचा तर काही संबंधच नाही. पाच ते पंधरा वयात जास्त होतो. ह्याच्यावर लस नाही. माझी कॉलेजची मैत्रीण लंडनला असते, तिला फोन केला तर म्हणाली अगं २०२२ च्या डिसेंबरात इकडे साथच होती, शाळेतून पत्र यायचं. तिला लक्षणं तोंडपाठ आणि मला नाव पण माहीत नव्हतं.

घशातून काडीवर कापूस लावून नमुना घेतला, पोरगी ओकारी आल्यासारखं करून रडली पण पाच सेकंदात झालं. रिपोर्टला दोन दिवस लागतात म्हणून थांबले नाहीत, चित्र स्पष्ट आहे म्हणून औषध त्याच दिवशी चालू. रिपोर्ट रविवारी व्हॉट्सॲपवर आला, तोच जंतू.

औषध कोणतं तर अमॉक्सिसिलिन. पेनिसिलिनच्या घराण्यातलं, जुनं, स्वस्त. मला वाटलं होतं एवढ्या मोठ्या नावाच्या आजाराला काहीतरी भारी इंजेक्शन असेल. डॉक्टर म्हणाले पेनिसिलिन येऊन ऐंशी वर्षं झाली, बाकीचे कितीतरी जंतू त्याला जुमानत नाहीत पण हा जंतू अजून त्याला शरण जातो, मग उगाच महागाचं कशाला. पेनिसिलिनच्या आधी ह्याच तापानं घरंच्या घरं रिकामी व्हायची म्हणे, विशेषतः थंड देशांत. आधी पेनिसिलिनची ॲलर्जी आहे का, घरात कुणाला आहे का हे दोनदा विचारलं, असती तर दुसरं औषध द्यावं लागलं असतं. नमुन्याचे पैसे सोडून सगळं औषध मिळून अडीचशेच्या आत. त्या आधीच्या ठिकाणचं ॲलर्जीचं सिरप आणि लोशनच सहाशेचं होतं.

आणि मग ते दहा दिवसांचं प्रकरण. केसपेपरवर "१० दिवस" लिहून त्याभोवती दोनदा गोल केला. सिस्टरनी एक छोटं कार्ड दिलं, त्यावर वीस चौकोन, सकाळ संध्याकाळ, डोस दिला की पोरीनंच फुली मारायची. डॉक्टर म्हणाले, ताई मी आत्ताच सांगतो, ताप दोन दिवसांत उतरेल, चौथ्या दिवशी ही उड्या मारेल आणि घरातलं कुणीतरी म्हणेल आता कशाला औषध. तेव्हा हे कार्ड त्यांना दाखवा.

अगदी तसंच झालं. रविवारी ताप गेला, मंगळवारी अंगणात लंगडी, आणि बुधवारी ह्यांनीच विचारलं की बरी झाली ना, आता बंद करायचं का, पोट बिघडेल तिचं. इथं मला माझ्या थोरल्या मावशीबद्दल लिहावंच लागेल. मावशी नऊ वर्षांची असताना खेड्यात घसा सुजून ताप आला होता, काढा बिढा देऊन बरा झाला. दोन तीन आठवड्यांनी गुडघा सुजला, तो बरा झाला तर दुसरा, मग कोपर. लोक म्हणाले वात आलाय, शेक दिला, तेही गेलं. मग लग्न, आणि पहिल्या बाळंतपणात जिना चढता येईना इतकी धाप. तेव्हा कळलं हृदयाची झडप आखडलीय, लहानपणच्या त्या घशाच्या तापानं. फुगा घालून झडप रुंद केली, आणि वर्षानुवर्षं दर २१ दिवसांनी कमरेत पेनिसिलिनचं इंजेक्शन, जे टोचल्यावर ती दोन दिवस नीट बसू शकायची नाही. मी लहानपणी सुट्टीत तिच्याकडे जायचे तेव्हा कॅलेंडरवर त्या तारखांना लाल गोल असायचे. मी डॉक्टरांना हे सांगितलं तेव्हा ते खुर्चीत मागे टेकले आणि म्हणाले, मग तुम्हाला मी काय सांगायचं, हे दहा दिवस त्याच्यासाठीच आहेत. घसा दुखायला लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत योग्य औषध सुरू झालं आणि पूर्ण झालं तर हृदयाचा हा धोका टळतो. आम्ही चौथ्या दिवशी पोचलो होतो. ॲलर्जीच्या सिरपवर आठवडा काढला असता तर काय, हा विचार करून त्या रात्री मला झोप आली नाही. ह्यांना बुधवारी मी फक्त एवढंच म्हटलं की मावशीला फोन लावून विचारा. नंतर त्यांनी एकही डोस चुकवू दिला नाही, सकाळी फॅक्टरीत जायच्या आधी स्वतः द्यायचे.

अजून एक, हे मेडिकलवाले सांगत नाहीत. हे औषध पावडरच्या बाटलीत येतं, उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंत घालून हलवायचं, आणि कालवलेली बाटली सात दिवसच चालते, फ्रिजमधे ठेवायची. म्हणजे दहा दिवसांना एक बाटली पुरतच नाही, आणि दुसरी आधीच कालवून ठेवायची नाही. मेडिकलवाल्यानं एकच दिली होती, सिस्टरनी मोजून बघितली आणि परत पाठवलं. डोस किती ते मी मुद्दाम लिहीत नाही, तो वजनावर असतो, आमच्या पोरीचं वजन १८ किलो, तुमच्या पोराला आमचा डोस देऊ नका. तापाला पॅरासिटामॉल, तेही वजनावर, आणि ॲस्पिरिन पोरांना अजिबात नाही, घरात डिस्प्रिन पडलेली असते आजीआजोबांची, ती अर्धी करून देतात लोक, ते करू नका असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

खाण्याचं विचारलं. गिळायला सोपं द्या, पेज, मऊ ताकभात, खीर, पाणी वरचेवर. शेंगाचटणी बंद, हे ऐकून पोरगी पहिल्यांदा रडली, तिला भाकरीबरोबर तीच लागते. मग डॉक्टर म्हणाले गार दूध, आईस्क्रीम चालेल, घशाला बरं वाटेल. सासूबाईंनी "तापात आईस्क्रीम?" असं दोनदा विचारलं, दोन्ही वेळा शांतपणे उत्तर दिलं. कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, ज्या पोराला गुळणी करून थुंकता येते त्यालाच.

शाळेबद्दल, औषध सुरू होऊन २४ तास झाले आणि ताप नसेल तर पाठवू शकता म्हणाले, पुरळ दिसत असलं तरी. आम्ही मंगळवारपर्यंत घरीच ठेवलं. बाईंना नाव सांगून चिठ्ठी दिली, वर्गातल्या आयांच्या ग्रुपवर पण मी टाकलं, काही जणींना राग आला की सगळ्यांना का घाबरवतेस, पण कळलेलं बरं. घरी तिचा ग्लास, चमचा, टॉवेल वेगळा, ब्रश नंतर फेकून नवा घेतला. आमच्या घरात जाऊबाई आणि त्यांचा चार वर्षांचा मुलगा पण असतो, लेक आणि तो एकाच गादीवर झोपायचे. सोमवारी त्याचा घसा दुखायला लागला. लगेच आणलं, त्याच्याही नमुन्यात तोच जंतू निघाला, त्याला पुरळ अजिबात आलं नाही, नुसता घसा, पण दहा दिवस त्यालाही तेवढेच. मग घरात दोन कार्ड आणि दोघांची फुली मारायची शर्यत.

दुसऱ्या आठवड्यात बोटांच्या टोकाची कातडी सोलायला लागली, पायाच्याही. साप कात टाकतो तसं. रात्री साडेनऊला दिसलं आणि मी रडकुंडीला येऊन दवाखान्याच्या नंबरवर फोटो पाठवला. दहा मिनिटांत उत्तर आलं की हे ह्या आजारात बऱ्याचदा होतं, पुरळ गेल्यावर कातडी सुटते, काही आठवडे चालेल, ओढू नका, खोबरेल लावा. एवढं एक वाक्य त्या वेळी मला किती मोठं वाटलं ते मीच जाणे. हे त्यांनी पहिल्या दिवशीच सांगितलं असतं तर बरं झालं असतं हेही तितकंच खरं.

शेवटची भेट तिसऱ्या आठवड्यात. लघवी तपासली, स्टेथोस्कोप लावून छाती बराच वेळ ऐकली. पुढचे काही दिवस कशावर लक्ष ठेवायचं ते कागदावर लिहून दिलं, तोंड किंवा डोळ्यांखाली सूज, चहासारखी काळपट लघवी, सांधे दुखणं सुजणं, धाप. ह्यातलं काही दिसलं तर नंबरबिंबर न लावता सरळ आत यायचं. किडनीवर पण हा जंतू नंतर परिणाम करू शकतो हे मला तेव्हाच कळलं. लघवी साफ निघाली, छातीत काही नाही. मी बाहेर येऊन पहिला फोन मावशीला केला, तिनं रिपोर्टबद्दल विचारलंच नाही, "दहा दिवस पुरे दिलेस ना?" एवढंच म्हणाली.

आता जे पटलं नाही ते. बसायची जागा फार लहान. तापाची, कांजिण्यांची, लसीला आलेली तान्ही बाळं, सगळी एकाच बाकड्यावर. माझ्या शेजारी दोन महिन्यांचं बाळ घेऊन एक ताई होत्या आणि मला नंतर कळल्यावर फार अपराधी वाटलं की माझी पोरगी तिथं शिंकत खोकत नव्हती पण घशात ते घेऊन पावणेदोन तास बसली होती. मी डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं, पुढच्या वेळी अंगावर पुरळ असलेल्या पोरांना आत वजनाच्या खोलीत बसवलेलं दिसलं, पण ती खोली पण केवढी, दोन पोरं बसली की भरली. लसीची वेळ वेगळी ठेवायला हवी, हे मनापासून सांगते, एवढा चांगला दवाखाना आहे म्हणूनच. गाडी लावायला जागा नाही, गल्लीत लावली की समोरचे लोक ओरडतात, रिक्षानं आलेलं बरं. एक स्टार ह्याच्यासाठी कमी केला, चार दिले.

फी ४००, सात दिवसांच्या आत परत दाखवायला पैसे नाहीत, तिसऱ्या आठवड्यातल्या भेटीचे अर्धे घेतले. नंबर सकाळी साडेआठपासून फोनवर लागतो, पहिल्या दहात लागला तर अकरापर्यंत मोकळे होता. संध्याकाळी सहानंतर तुफान गर्दी. येताना लसीचं कार्ड, आधीच्या डॉक्टरांचे कागद आणि आधी दिलेल्या औषधांच्या बाटल्या घेऊन या, विचारतातच. आणि पोराच्या अंगावर काही आलं असेल तर गळ्यापर्यंत बटणं लावलेला ड्रेस घालून आणू नका, सुटा फ्रॉक किंवा शर्ट घाला, ते पोट पाठ सगळीकडे हात फिरवून बघतात.